शौकीनांचा संगणक

'शौक' हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि येता येता थोडा बदनाम झाला. मराठीत एखाद्याला 'शौकीन' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पान, तंबाखू, तमाशा असे काहीबाही उभे राहते. उर्दूत तसे नाही. तिथे मुतालियाचा शौक असतो, खुशखतीचा शौक असतो, इल्माचा शौक असतो. फायद्या-तोट्याचा हिशेब न मांडता एखाद्या गोष्टीच्या मागे आयुष्यभर लागणे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरांतून मात्र हा शब्द बहुधा मुलांना दटावण्यासाठीच वापरला जातो. शौकाने पोट भरत नाही, हे न ऐकता वाढलेले मूल आमच्या मोहल्ल्यात सापडणे कठीण.

संगणकाचा इतिहास वाचताना आम्हाला वारंवार या शब्दाची आठवण होते. हा इतिहास आपल्यापुढे येतो तो मोठ्या कंपन्यांचा आणि अब्जाधीशांचा म्हणून. पण संगणक सरकारी कचेऱ्यांतून आणि प्रयोगशाळांतून निघून सामान्य माणसाच्या टेबलावर आला, तो ज्यांच्यामुळे आला ते बहुतेक शौकीन होते. कुणी दिवसा नोकरी करून रात्री तारा जोडणारे, कुणी शाळकरी पोरे, कुणी कॉलेजातले विद्यार्थी. त्यांना हे का जमले आणि आमच्या मुलांना ते का जमू नये, या प्रश्नापायी हा लेख लिहावासा वाटला.

सुरुवात करावी लागते ती एका मास्तरापासून. जॉन केमेनी यांचा जन्म १९२६ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. हिटलरची सावली पसरू लागली तेव्हा हे कुटुंब देश सोडून निघाले आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. निर्वासिताचा हा मुलगा पुढे गणितज्ञ झाला, काही काळ आइनस्टाइन यांचा सहायक होता आणि नंतर अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात गणित शिकवू लागला. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी ताटकळत बसायचे. एक स्वल्पविराम चुकला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. यंत्राला हात लावण्याचा मान आतल्या माणसांचा.

केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांना हे मान्य नव्हते. डार्टमथमधले बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नव्हतेच. पण उद्या हीच मुले कारभार पाहणार, कायदे करणार; त्यांना संगणक काय चीज आहे हे ठाऊक नको? ग्रंथालयात जसे कुणीही जाऊन कपाटातले पुस्तक काढून वाचतो, तसा संगणक खुला असावा, अशी केमेनी यांची धारणा होती. त्यासाठी दोघांनी दोन गोष्टी केल्या. एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था केली आणि एक सोपी भाषा रचली. तिचे नाव बेसिक. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास या भाषेतले पहिले प्रोग्रॅम चालले.

बेसिकची गंमत अशी की ती दहा मिनिटांत सुरू करता येते. दहा नंबरच्या ओळीत 'प्रिंट' लिहून पुढे अवतरणात आपले नाव घालायचे. वीस नंबरच्या ओळीत 'गो टू १०' लिहायचे. मग 'रन' म्हणायचे. पडदा आपल्या नावाने भरून वाहू लागतो. जगातल्या लाखो मुलांनी आपला पहिला प्रोग्रॅम असाच काहीसा लिहिला. आपण सांगितले आणि यंत्राने ऐकले, हा अनुभव ज्याने लहानपणी घेतला त्याला यंत्राची भीती म्हणून राहत नाही. केमेनी १९९२ मध्ये वारले, कर्ट्झ २०२४ मध्ये. त्यांची भाषा मागे पडली आहे, पण खिडकीबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला आत घेण्याचे काम तिने करून ठेवले.

तरीही यंत्र कॉलेजातच होते. ते घरी आणले शौकीनांनी. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाच्या एका पेटीचे चित्र झळकले. किंमत ३९७ डॉलर, आणि तीसुद्धा सुट्या भागांची. जोडणी आपली आपण करायची. तिला कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता. समोर बटणे आणि लुकलुकणारे दिवे. स्मृती केवळ २५६ बाइटची, म्हणजे इंग्रजीतले चार-पाच ओळींचे पत्र मावेल एवढी. अशा पेटीला शंभर-दोनशे गिऱ्हाइके मिळाली तरी खूप, असे वाटत होते. प्रत्यक्षात मागण्या हजारांनी आल्या. लोक संगणकाचे किती भुकेले होते ते त्यातून कळले.

त्याच वर्षी ५ मार्चच्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावात गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ३२ माणसे जमली. या मंडळाचे नाव पुढे होमब्रू कॉम्प्युटर क्लब असे पडले. घरगुती बनावटीचा म्हणून होमब्रू. आमच्याकडे मुशायऱ्यात जसा प्रत्येक जण आपले ताजे कलाम ऐकवतो आणि दाद घेतो, तसे हे लोक आपापली यंत्रे घेऊन येत, दाखवत, नकाशे एकमेकांत वाटत. स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदाने एकदा अल्टेअरच्या शेजारी एक साधा रेडिओ ठेवला. यंत्र चालताना जी विद्युतलहर बाहेर पडते तिची खरखर रेडिओत ऐकू येते, हे त्याच्या लक्षात आले होते. त्याने प्रोग्रॅम असा लिहिला की त्या खरखरीतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल वाजू लागली. उपयोग काय, असे विचारले तर काहीच नाही. पण त्या संध्याकाळी बसलेल्यांना कळले की या पेटीकडून काहीही करवून घेता येईल.

याच क्लबात स्टीव्ह वोझनियाक हा तरुण येत असे. दिवसा तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटर बनवण्याच्या कामावर होता. त्याने एका स्वस्त चिपभोवती स्वतःचा संगणक रचला. त्यासाठी बेसिक भाषा लिहायची, तर प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी महागडी सोय त्याच्याकडे नव्हती. तेव्हा त्याने सगळा प्रोग्रॅम कागदावर हाताने लिहिला आणि हातानेच आकड्यांत उतरवला. आपले नकाशे तो क्लबात फुकट वाटत असे. आपली कल्पना त्याने आधी कंपनीपुढे मांडली, कंपनीने नकार दिला. मग मित्र स्टीव्ह जॉब्जच्या आग्रहाने १९७६ मध्ये ॲपल कंपनी निघाली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कंपनीच्या मुळाशी मित्रांना काहीतरी करून दाखवण्याचा शौक होता, हे सांगायचे राहून जाते.

शौकीनांच्या या दुनियेत एक भांडणही झाले आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. अल्टेअरसाठी बेसिक भाषा बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघा तरुणांनी लिहिली होती. तिची टेप क्लबातल्या लोकांनी नकलून एकमेकांना वाटली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी शौकीनांना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. आमची भाषा वापरणाऱ्यांपैकी दहांतल्या एकानेही ती विकत घेतलेली नाही, ही चोरी आहे, असा त्याचा आशय. पत्राने अनेक जण चिडले. पण चिडून सगळे थांबले नाहीत. काहींनी 'टायनी बेसिक' या नावाने छोट्या छोट्या भाषा स्वतः लिहून मासिकांत छापून टाकल्या, ज्याला हवी त्याने घ्यावी म्हणून. टॉम पिटमन याने आपली भाषा ५ डॉलरला विकली. किंमत वाजवी असेल तर लोक पैसे देतात, हे त्याला दाखवायचे होते. चोरी, दान आणि वाजवी मोल असे तीन रस्ते तेव्हाच समोर आले होते. आमच्या गल्लोगल्लीच्या सायबर कॅफेंतून अनेक वर्षे पहिल्याच रस्त्याचा वापर झाला. दुसराही एक हलाल रस्ता आहे आणि तो फुकट आहे, हे मुलांना कुणी सांगितले नाही.

हा दुसरा रस्ता राजरस्ता केला तो फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने. त्याच्याआधी इंग्लंडची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिचे धागे आपल्या देशापर्यंत येतात. १९८१ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स ८१ हा संगणक ६९ पौंड ९५ पेन्सला बाजारात आला. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा आणि गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर ही त्याची साठवण. त्याच वर्षाच्या शेवटी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी 'बीबीसी मायक्रो' बनवला आणि १९८२ मध्ये बीबीसीने टीव्हीवरून घराघरांना संगणकाचे धडे दिले. मासिकांत छापलेले प्रोग्रॅम मुले एकेक अक्षर बघून टाइप करीत. शंभर ओळींत एक अक्षर चुकले की सगळे अडे. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत जायचे. आपली चूक आपणच शोधायची आणि ती सापडेपर्यंत उठायचे नाही, ही तालीम त्या मुलांना कुण्या उस्तादाशिवाय मिळाली.

फिनलंडमध्ये हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाचा मुलगा होता. जन्म १९६९ चा. त्याचे आजोबा संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९८१ च्या सुमारास कमोडोर कंपनीचा व्हिक २० हा संगणक घेतला. आजोबा नातवाला जवळ बसवून त्याच्याकडून प्रोग्रॅम टाइप करून घेत. घरात फारसे तयार प्रोग्रॅम नव्हतेच, त्यामुळे मुलगा आपले आपण लिहू लागला. पुढे त्याने सिंक्लेअरचा क्यूएल हा संगणक घेतला. तो बाजारात फारसा चालला नाही, म्हणून त्यासाठीही तयार सामग्री मिळेना; पुन्हा स्वतःच लिहिणे आले. जानेवारी १९९१ मध्ये त्याने नवा पीसी घेतला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळवले की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. हीच लिनक्स. १९९२ मध्ये त्याने ती अशा परवान्याखाली खुली केली की कुणीही घ्यावी, वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेले वाटायचे तर तेही असेच खुले ठेवावे. वाकिफ लोकांना यात वक्फाची आठवण यावी. एकाने जमीन सोडली आणि तिचा उपभोग सर्वांना मिळाला.

आता आपल्या खिशातला अँड्रॉइड मोबाइल काढून पाहा. त्याच्या तळाशी लिनक्स आहे, म्हणजे हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याचा शौक. त्यातली चिप ज्या एआरएम घराण्याची आहे, त्या घराण्याचा पहिला पुरुष १९८५ मध्ये एकॉर्न कंपनीत, म्हणजे बीबीसी मायक्रो बनवणाऱ्यांच्याच हातून घडला. शाळेतल्या मुलांसाठी बनवलेल्या संगणकाचा वारस आणि एका शौकीनाचा प्रोग्रॅम अशी दोन्ही दौलत मिळून आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांच्या हातात आहे. फक्त त्यांना ते कुणी सांगितलेले नाही.

आपल्या देशाचे काय झाले? १९८४ पर्यंत संगणकाच्या आयातीवर इतके निर्बंध आणि कर होते की शौकीन माणसाने घरी संगणक आणणे ही गोष्ट श्रीमंतांनाही सोपी नव्हती. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या धोरणाने दार किलकिले झाले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत संगणक आले. ते कोणते, तर बीबीसी मायक्रो. पण केंब्रिजच्या मुलाला जो संगणक घरी, रात्री, टीव्हीला जोडून मिळाला, तो आमच्याकडे कुलपातल्या खोलीत आला. त्याची सगळी पुस्तके इंग्रजीत. यंत्र तेच होते, पण ते घरी नेण्याची मुभा, वाचता येईल अशी भाषा आणि चुका करायला मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी बरोबर आल्या नाहीत.

उर्दूची अडचण तर आणखी खोल होती. नस्तालीक लिपी सरळ रेषेत चालत नाही. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. पुढचे अक्षर कोणते त्यावर मागच्या अक्षराचा आकार ठरतो. टाइपाच्या खिळ्यांना हे जमले नाही, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांच्या बोरूवर चालत राहिली. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी यातून वाट काढली. त्यांचा जन्म १९२१ मध्ये दिल्लीत झाला होता. एकेक अक्षर न घेता अक्षरांच्या जोडलेल्या अख्ख्या आकृतीच यंत्राला द्यायच्या, ही त्यांची कल्पना. त्यांनी अशा हजारो आकृती आपल्या हाताने लिहिल्या आणि ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर त्या चढवल्या. वडील नूर अहमद यांच्या नावावरून या लिपीला त्यांनी 'नूरी नस्तालीक' म्हटले. १ ऑक्टोबर १९८१ रोजी लाहोरचे दैनिक 'जंग' या लिपीत निघाले. १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीने 'इनपेज' काढले आणि हीच लिपी साध्या पीसीवर आली. मुंबईपासून मालेगावपर्यंत लग्नाच्या रुक्क्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे इनपेजमध्ये होऊ लागले. कातिबांची रोजी गेली, हेही इथे नोंदवले पाहिजे.

पण इनपेजमधला मजकूर इनपेजमध्येच वाचता येई. इंटरनेटवर उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे चित्रांच्या रूपात येत. त्यात शब्द शोधता येत नव्हता. सर्व भाषांसाठी युनिकोड ही एकच संकेतप्रणाली तयार झाली होती, पण तिच्यात नीट चालणारी नस्तालीक मिळेना. कंपन्यांना उर्दूत बाजार दिसत नव्हता. हे काम शेवटी पुढे नेले ते शौकीनांनी. २००८ मध्ये 'अलवी नस्तालीक' आणि 'जमील नूरी नस्तालीक' हे फाँट आले. कुणी आकृत्या साफ केल्या, कुणी नियम लिहिले, कुणी चुका शोधून कळवल्या. फाँट म्हणजे नुसती चित्रे नसतात. कोणत्या अक्षराशेजारी कोणते आले की कोणती आकृती बसवायची, याचे हजारो नियम त्यात लिहावे लागतात. तोही प्रोग्रॅमिंगचाच भाग आहे. उर्दूप्रेमींनी ते लिहून फुकट वाटले. मोठ्या कंपन्यांची नस्तालीक त्यानंतर आली. गुगलची २०१४ मध्ये. उर्दूवाल्यांना हे जमत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या मोबाइलवरचा उर्दू मजकूर कसा दिसू लागला याचा इतिहास वाचावा.

मग अडते कुठे? उर्दूच्या प्रसारासाठी असलेल्या राष्ट्रीय परिषदेने देशभर संगणक केंद्रे काढली, महाराष्ट्रात एमकेसीएलच्या अभ्यासक्रमांनी खेडोपाडी संगणक नेला. आमच्या शेकडो मुला-मुलींना त्यातून नोकऱ्या मिळाल्या, हे उपकार नाकारता येणार नाहीत. पण या सगळ्यात शिकवले गेले ते मुख्यतः संगणक वापरायला. पत्र टाइप करणे, तक्ता भरणे, कार्ड सजवणे. त्यातून ऑपरेटर तयार झाले. आमच्या समाजात 'कॉम्प्युटर शिकला' याचा अर्थच ऑपरेटर झाला असा ठरून गेला. सलीम ऑपरेटर होईल, शाहीन ऑपरेटर होईल. यंत्राला सांगणारे मात्र दुसरेच कुणी असतील, हे आम्ही न बोलता मान्य करून टाकले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागला. उर्दू शाळांच्या शिक्षकांनी तेव्हा जे पाहिले ते विसरता येणार नाही. एका घरात एक मोबाइल आणि चार मुले. मोबाइल वडिलांबरोबर कामावर जाणार, संध्याकाळी आला की आधी भावाचा नंबर, मग बहिणीचा. आता बहुतेक घरांत मोबाइल आहेत, पण बहिणीचा नंबर अजून शेवटचाच. शिवाय मोबाइल हे यंत्र असे आहे की ते दाखवते पुष्कळ, पण आपल्या पोटात हात घालू देत नाही. व्हिक २० सुरू केला की काळजी न करता काहीतरी लिही, असे सांगत असल्यासारखा पडदा समोर येई. मोबाइल सुरू केला की पाहण्याचे आमंत्रण येते.

ही अडचण केंब्रिजमध्येही ओळखली गेली. विद्यापीठात येणाऱ्या मुलांना आता पूर्वीसारखे प्रोग्रॅमिंग येत नाही, हे एबेन अप्टन यांच्या लक्षात आले. मुले हुशार होती, पण बिघडवून बघता येईल असे स्वस्त यंत्र त्यांच्या हाती नव्हते. म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजाएवढा संगणक निघाला. किंमत ३५ डॉलर. त्यावर चालते ती लिनक्स, आणि चिप एआरएमची. तीस-चाळीस वर्षांनी शौकीन पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहिले.

आता कुणी म्हणेल, २०२२ नंतर तर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देऊ लागले आहे. मग शिकायचे कशाला? याचे उत्तर आमच्या कोकणातल्या आजींना विचारावे. आखातातून नवऱ्याचे, मुलाचे पत्र यायचे आणि वाचता येत नसल्यामुळे शेजारच्या पोराला बोलवावे लागायचे. पोरगा वाचील ते खरे. काही गाळले, काही बदलले, तरी कळायला मार्ग नाही. उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. पत्र वाचून देणारा होता म्हणून त्या बायांनी आपल्या नातींना शाळेत घालू नये असे म्हटले नाही. उलट त्यासाठीच घातले. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम ज्याला वाचता येत नाही, त्याची अवस्था त्या आजीसारखीच राहील.

अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द निघाला, हे आमच्या जलशांतून अभिमानाने सांगितले जाते. नवव्या शतकातल्या बगदादचा तो अभिमान रास्तच आहे. पण ख्वारिझ्मींनी बीजगणितावर पुस्तक लिहिले ते वारसाहक्काचे वाटे, जमिनीची मोजणी, व्यापारातले हिशेब लोकांना सोडवता यावेत म्हणून. नाव घेण्याचा हक्क त्यांचे काम पुढे नेणाऱ्याला जास्त आहे.

यासाठी फार पैसा लागत नाही. बहुतेक शाळांत जुना संगणक धूळ खात पडलेला असतो. त्यावर लिनक्स फुकट बसते. आठवड्यातून एक तास, शाळा सुटल्यावर, परीक्षेचे नाव न काढता. मुलींना पहिला नंबर. नियम आणि सूचना मातृभाषेत, मग ती उर्दू असो की मराठी. शिक्षकाला सगळे येत असलेच पाहिजे असेही नाही. मुलाबरोबर बसून चूक शोधण्याची तयारी असली की पुरे. मात्र खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात राहता कामा नये.